बिनपदराची साडी आणि माझी ओटी

आमच्या घरात फॅशन बेळगावहून आली नाही. ती निपाणीहून आली, आणि रीतसर लग्न करून आली.

तिचं नाव अश्विनी. माझी एकुलती एक सून. कपडे शिवायचं मोठं शिक्षण घेतलंय तिनं, फॅशन डिझायनिंगचं. सोयरीक जमवताना तिच्या वडिलांनी हे सांगितलं, तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं पोरीला ब्लाउज शिवता येतात. ते खूश होऊन म्हणाले, "बरं झालं की! फॉल-पिको घरातच हुईल." समोर बसलेल्या अश्विनीनं जमिनीकडे बघितलं. मला वाटलं लाजली. (पुढं कळलं, राग गिळत होती.)

बेळगुंदीला नांदायला आल्यावर तिनं माझं शिक्षण सुरू केलं. माझी शाळा चौथीतच सुटली होती, ती पुन्हा भरली. संध्याकाळी भाकरीच्या आधी आम्ही दोघी पायरीवर बसायचो आणि ती मला फोनमध्ये ट्रेंड दाखवायची. ट्रेंड म्हणजे ह्या वर्षी जे घालायचं आणि पुढच्या वर्षी ज्याला हसायचं ते, असा अर्थ मी लावला आहे.

"आत्ती, ह्ये बगा. पेस्टल." (आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात.)

"विटलाय की गं. उन्हात वाळत घातला असंल."

"विटला न्हाय, रंगच तसला असतोय."

"आणि हिच्या खांद्याला तर भोक पडलंय!"

"पडलं न्हाय आत्ती, पाडलंय. मुद्दाम."

मुद्दाम! मी दुसरीत असताना माझ्या झग्याच्या खांद्याला अगदी असंच भोक पडलं होतं. मी त्यावर हात ठेवून दिवसभर वर्गात बसले. मास्तरांनी विचारलं, खांदा दुखतोय काय गं? मी मान हलवली आणि मला घरी सोडण्यात आलं. आता वाटतं, माझं काही चुकलं नव्हतं. मी फक्त फार लवकर जन्मले.

अश्विनीनं पिरनवाडीत एक गाळा घेतला. आमचा मुलगा प्रवीण बेळगावात कारखान्यात आहे, त्यानं सुट्टीच्या दिवशी रंग लावून दिला, पाटी चढवली. 'अश्विनी डिझायनर'. दारात एक पुतळा उभा केला आणि त्याला तिनं स्वतः शिवलेली साडी घातली. काय ती साडी! रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबायच्या, पुतळ्याचा हात धरून कापड चाचपायच्या, "लई भारी हो" म्हणायच्या, आणि मग पिशवीतून जुनी साडी काढून म्हणायच्या, "हिला तेवढा फॉल लावून द्या." पुतळ्याच्या अंगावर डिझायनर साडी आणि अश्विनीच्या हातात दुसऱ्याच्या परकराची नाडी, असा धंदा चालला होता.

एकदा मी आत भाकरी थापत होते आणि बाहेर ती प्रवीणला सांगत होती, "दिवाळीपत्तोर बगते. तवर डिझायनरची एक बी ऑर्डर आली न्हाय तर गाळा सोडते. घरातच बसून फॉल लावते."

रडत नव्हती ती. उद्या भाजी कोणती करायची हे सांगावं तशी सांगत होती. माझ्या हातातली भाकरी तव्यावर जायच्या आधीच मधून फाटली.

अशात आमच्या आक्कांच्या दीपाचं लग्न निघालं. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. म्हणजे हे नवरीचे मामा आणि मी मामी. आमच्याकडे नवरीला मांडवात मामानं आणायचं आणि मामीनं दिवा घेऊन शेजारी उभं राहायचं. सगळ्या लग्नाचं तोंड त्या बाजूला असतं. गेली कितीतरी वर्षं मला ह्याच गोष्टीची भीती वाटत होती. आणि अश्विनीला ह्याच गोष्टीचा आनंद झाला!

"आत्ती, माझी साडी तुमी घालशीला काय?"

"मी? अगं तुझा पुतळा हाय की."

"पुतळ्याकडं बगून कोण ऑर्डर देत न्हाय. पुतळा आपल्यातला न्हाय न्हवं? तुमी घातलासा तर बाया म्हणतील, ह्यास्नी जमतंय तर आमाला का जमंना?"

म्हणजे मला जमलं तर जगात कुणालाही जमेल, असं तिचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

आता माझा स्वभाव सांगते. कंडक्टरनं चुकून पुढच्या गावाचं तिकीट फाडलं, तर काही न बोलता पुढच्या गावाला उतरून चालत मागं येणारी बाई मी. मला 'नको' म्हणता येत नाही. पण त्या दिवशी नुसतं तेवढंच नव्हतं. मला ती फाटलेली भाकरी आठवली. मी म्हटलं, "घालते की. त्यात काय?"

माप घ्यायला सुरुवात झाली.

"हात वर करा. आत्ती, हसू नगा."

"गुदगुल्या होत्यात गं!"

"श्वास सोडा."

"सोडला."

"सगळा सोडा."

"सगळा सोडला तर साडी घालायची कुणी?"

साडी तयार झाली. फिका गुलाबी रंग. निऱ्या आधीच शिवलेल्या, परकरासारखी चढवायची आणि बाजूची चेन ओढायची. कमरेला कापडाचाच पट्टा. आणि वरती, पदराच्या जागी, केप! केप म्हणजे जाळीचा खांद्यावरून पसरणारा झगाच. गळ्यामागं हुक, काठाला मोत्यांचे घोस. पदर नाही. शोधूनही नाही.

"पदर कुठाय गं?"

"पदर न्हाईच आत्ती. ह्या वर्षी त्योच ट्रेंड हाय."

पदर नाही म्हणजे काय, हे बाईमाणसालाच कळेल. गरम पातेलं उतरायचं पदरानं. शेतातून चार शेंगा आणायच्या पदरातून. घाम पुसायचा पदराला, हसू आलं तर तोंडावर पदर, रडू आलं तर डोळ्याला पदर, आणि पाहुणे आले की सगळीच बाई पदराआड. माझा निम्मा संसार त्या पदरात होता. तो काढून घेतल्यावर मी अश्विनीसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, मला दोन हात जास्तीचे आहेत! ते कुठं ठेवायचे?

"कमरेवर ठिवा."

ठेवले. हे दारातून म्हणाले, "कुणासंगं भांडान काढलीस?"

"मागं बांधा."

बांधले. हे म्हणाले, "शाळंत हुबं केल्यागत दिसालीस."

शेवटी मामीच्या हातात दिवा असतोच, म्हणून एका हाताचा प्रश्न सुटला. दुसरा हात सैल सोडायचा, असं ठरलं. मग रोज दुपारी घरामागच्या परड्यात, म्हशीसमोर सराव. चालायचं कसं (छोटी पावलं, निऱ्यांचा घेर अरुंद आहे). बसायचं कसं (खुर्चीच्या टोकावर). वळायचं कसं (आधी मान, मग मी, मग केप). आणि कुणी विचारलं तर बोलायचं काय.

"म्हणा, अश्विनी डिझायनर, पिरनवाडी."

"अश्विनी डिझायनर, पिरनवाडी."

"मोठ्यानं म्हणा की आत्ती. ह्ये तर म्हशीला बी ऐकू गेलं न्हाय."

म्हैस खरंच वळून बघत नव्हती.

लग्नाच्या सकाळी मी तयार होऊन बाहेर आले. ह्यांनी कोट घातला होता. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आरं देवा! लाइटीचं झुंबर काढून आणलीस व्हय?"

मी आत वळले. साडी काढायलाच निघाले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "आगं... बरी दिसालीस."

हे वाक्य ते फाटकाकडे बघून म्हणाले. फाटक लाजलं नाही. मी लाजले.

कार्यालयात पाऊल टाकलं आणि काय सांगू, बायका खरंच बघायला लागल्या! मान वर, छोटी पावलं, एक हात सैल. अश्विनी लांबून माझ्याकडे बघत होती. स्वतःसाठी शिवायला तिला वेळ मिळाला नव्हता, ती आपली साधी हिरवी काठपदराची साडी नेसून आली होती. एक कानडी बोलणारी बाई जवळ आली, केपचे मोती बोटांनी हलवून म्हणाली, "चलो ऐति!" (म्हणजे छान आहे.) दुसरी म्हणाली, "कुठं शिवून घेतलासा हो?"

आली वेळ! अश्विनीनं लांबूनच ओठ हलवून मला आठवण करून दिली. मी तोंड उघडलं. सरावातलं सगळं वाक्य घशापर्यंत आलं आणि बाहेर पडलं ते एवढंच, "पिरनवाडी."

"व्हय? पिरनवाडीत कुणाच्यातल्या तुमी?"

"न्हाय... बेळगुंदीची."

"मग म्हायेर पिरनवाडी?"

मी मान हलवली. (माझं माहेर पिरनवाडी नाही. पण एवढं झाल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना.) पुढचा बराच वेळ त्या बाई पिरनवाडीतल्या त्यांच्या नात्यातल्या लोकांची खुशाली मला विचारत होत्या, आणि मी सगळे बरे आहेत म्हणून सांगत होते. अश्विनीनं कपाळाला हात लावलेला मला दिसला.

मग मुहूर्त झाला. हे दीपाला घेऊन आले, मी दिवा घेऊन त्यांच्या शेजारी. अंतरपाट, मंगलाष्टका, अक्षता. मी अगदी पुतळ्यासारखी उभी. टाळ्या वाजल्या, वाजंत्री सुरू झाली, हे पुढं सरकले, आणि त्यांच्याबरोबर मी पण सरकले. मला सरकायचं नव्हतं! ते डावीकडे वळले, मी डावीकडे. ते थांबले, मी त्यांच्यावर आदळले. केपचा मोत्यांचा घोस त्यांच्या कोटाच्या गुंडीत असा काही गुंतला होता की ज्याचं नाव ते.

"सोड की!" हे दात न उघडता म्हणाले.

"मी धरलंय व्हय? तुमच्या गुंडीनं धरलंय!"

"एवढ्या लोकांत! परत लगीन लावालीस काय माज्यासंगं?"

भटजींनी पण बघितलं. म्हणाले, "मामा, तुमची गाठ कवाच बसल्या न्हवं? आता दुसऱ्यांस्नी जागा द्या."

सगळा मांडव हसला. अश्विनी धावत आली, माझ्या हातातला दिवा बाजूला ठेवला आणि पर्समधली छोटी कात्री काढली. मोती कापायचा की गुंडी, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. तिनं सासऱ्याची गुंडी कापली. (डिझायनर ती डिझायनरच!)

माझा चेहरा तापला होता, पण मनात म्हटलं, झालं ते झालं. आता जेवायचं आणि घरी जायचं. आणि तेवढ्यात वरपक्षाकडून निरोप आला, "नवरीच्या आईला आणि मामीला बोलवा. ओटी भरायची हाय."

नवरा मुलगा गुंजीचा. त्यांच्याकडच्या बायकांनी खुर्च्या मांडल्या होत्या, हळदीकुंकू, खण, नारळ, तांदूळ, सगळं ताटात मांडून तयार. पहिल्यांदा आक्का बसल्या. कुंकू लावलं. आक्कांनी पदर डाव्या हातावर घेऊन पुढं पसरला, ओटी घेतली, पदर आवरून कमरेला खोचला, नमस्कार केला. किती देखणं दिसलं ते!

आणि आक्कांच्या पदराकडे बघता बघता माझा हात आपसूक खांद्यावर गेला आणि जाळीला लागला.

मी मान वळवून अश्विनीला शोधलं. (आधी मान, मग मी, मग केप.) ती खांबाजवळ उभी होती आणि तिचा चेहरा तांदळासारखा पांढरा झाला होता. तिलाही त्याच क्षणी कळलं होतं. आम्ही दोघींनी चालण्याचा, वळण्याचा, बसण्याचा, बोलण्याचा सराव केला होता. ओटीचा कुणीच केला नव्हता. फोनमधल्या त्या उंच बायकांची कुणी ओटी भरत नाही!

"या मामी, बसा." बोलावणारी नवरदेवाची थोरली आत्या होती. अंगानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. मी खुर्चीच्या टोकावर बसले. तिनं कुंकू लावलं, तांदळाची ओंजळ भरली. "हं, पदर पुढं करा."

मी हसले.

"पदर हो, मामी."

मी अजून थोडं हसले.

"लाजू नगा. आता आपून सोयरे झालो. करा पदर पुढं."

आयुष्यभर मी लाजले आणि लोक म्हणाले, काय झालंय बोल की. आणि आज मी लाजत नव्हते, खरोखरच्या अडचणीत होते, तर सगळ्यांना वाटलं लाजतेय! मागून कुणीतरी म्हणालं, "ताटात घ्या." आत्या कडाडली, "ताटात? ओटी हाय ती. वाढाय बसलोय काय?"

मग मी काय करावं? केपचा पुढचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि पदरासारखा पसरला.

आत्यानं ओंजळ टाकली. जाळीच ती! तांदूळ तिच्यातून असे गेले की मध्ये काही आहे हे त्यांना कळलंच नाही. थेट माझ्या पायावर. आत्यानं दुसरी ओंजळ टाकली. तीही गेली. आत्या वाकून आत बघायला लागली. "आगं बया! तांदूळ गेलं कुठं?"

मी पाय मागं ओढून तांदूळ खुर्चीखाली लपवायला बघत होते, तोवर आत्यानं खणावर ठेवून नारळ घातला. नारळ जाळीतून गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं! त्याच्या वजनानं केप खाली ओढला गेला, मागच्या हुकानं माझा गळा धरला, माझ्या तोंडातून कोंबडीसारखा आवाज निघाला, हुक तुटला, केप एका खांद्यावरून घसरला, आणि नारळ घरंगळत निघाला. मोती उड्या मारत त्याच्या मागं.

लग्नाच्या दिवशी ओटीचा नारळ खाली! आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताबडतोब नारळ उचलायला वाकले. इथं एक गोष्ट सांगायची राहिली. ती साडी उभं राहायला होती, चालायला होती, बसायलाही होती. वाकायला नव्हती.

चर्रर्र!

कमरेच्या चेनीनं वरपासून खालपर्यंत जागा सोडली. मी एका हातानं बाजू धरली, दुसऱ्या हातानं केप. सरावात जे दोन हात जास्तीचे होते, ते आता कमी पडले.

मागून कुजबुज ऐकू आली.

"ह्ये कसलं बाई फॅशन!"

"सुनंनं शिवलंय म्हणं."

"म्हणूनच."

ते 'म्हणूनच' मला सुईसारखं टोचलं. पण त्याआधी ते खांबाजवळ पोचलं असणार, कारण अश्विनी पळतच आली. मला वाटलं आता ही मला उठवून आत नेणार, गाडीत घालणार, घरी जाऊन रडणार, आणि उद्या गाळ्याची किल्ली परत देणार. ती माझ्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. खाली वाकून तिनं नारळ उचलला, आत्याच्या हातात दिला. मग आपल्या हिरव्या साडीचा पदर डाव्या हातावर घेतला आणि माझ्या मांडीवर पसरला.

"आत्याबाई, ह्यात घाला. आत्तींची ओटी माझ्या पदरात घाला."

आवाज थरथरत होता तिचा. पदर नाही थरथरला.

आत्यानं डोळे बारीक केले. "तू कोण गं?"

आणि मग माझ्या तोंडातून आवाज फुटला. दिवसभर घशात अडकलेलं ते वाक्य, जे म्हशीलाही कधी ऐकू गेलं नव्हतं, ते अख्ख्या कार्यालयाला ऐकू गेलं. वाढपी हातातली बादली घेऊन थांबले.

"माझी सून हाय! अश्विनी डिझायनर, पिरनवाडी! ही साडी हिनंच शिवलीया!"

आता बघा. सकाळपासून साडी अंगावर नीट होती, बायका विचारत होत्या, तेव्हा मी गप्प. आणि एक हात उसवलेल्या कमरेवर, एक हात तुटलेल्या केपवर, केसांत तांदूळ (ते तिथं कसे पोचले देव जाणे), अशा थाटात मी जाहिरात केली!

मग आत्याचं पोट हलायला लागलं. पोटाकडून हसू वर चढलं, खांद्यात गेलं, आणि एकदम बाहेर फुटलं. तिच्या मागं सगळ्या बायका. आक्कासुद्धा! आत्यानं डोळे पुसले, अर्थात पदरानं, आणि नारळ अश्विनीच्या पदरात ठेवला.

"पडला म्हणून काय झालं? फुटला न्हाय न्हवं? सासूची ओटी सुनंच्या पदरात. घरच्या घरातच ऱ्हायली की!"

तिनं पुन्हा भरभरून तांदूळ घातले. दोन्ही ओंजळी. एक दाणा खाली गेला नाही. अश्विनीच्या डोळ्यांतून मात्र दोन थेंब त्या तांदळात गेले. मला पुसायचे होते, पण माझ्याकडे ना हात मोकळा होता, ना पदर.

पुढं वडीलधाऱ्यांना नमस्कार करायचा होता. ओटी माझी, पदर तिचा. म्हणून जिथं मी तिथं ती. तेवढ्यात हे आले. बिनगुंडीचा कोट काढला आणि माझ्या अंगावर घातला, चेन झाकली जावी म्हणून. मग आम्ही तिघं एकमेकांना धरून निघालो आणि फोटोवाल्यानं नेमका तेव्हा फोटो काढला.

जेवताना नवरदेवाची बहीण आमच्या शेजारी येऊन बसली. तिला सातवा महिना लागला होता. अश्विनीला हळूच म्हणाली, "वैनी, मला डोहाळजेवणाला असलीच साडी शिवशीला? लई आवडली मला."

अश्विनीला वाटलं चेष्टा करते. "फाटलेली बगितलासा न्हवं?"

"बगितली की. सगळ्यांनीच बगितली. तसली जाळी पायजेच. पण पदर जोडा. हुकाचा करा, ओटीपुरता लावायचा, मग काढायचा. आणि चेन जरा दमाची घाला."

आत्या पानावरून ओरडली, "आणि वाकाय येऊ दे गं! बाळतीण हुणार हाय ती!"

अश्विनी घास तसाच हातात धरून बसली. मग तिनं पर्स उघडली, टेप काढली आणि उष्ट्या हातानं तिथंच माप घ्यायला लागली. मी म्हटलं, "आगं, आधी जेव की!" ती हसत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं.

ती साडी झाली. तिच्या मागं दोन आल्या, त्यांच्या मागं आणखी. आता पिरनवाडीच्या गाळ्यात फॉल-पिकोला वेगळी बाई ठेवली आहे. जोडायच्या पदराला सध्या मोठी मागणी आहे, पेस्टलमध्येसुद्धा.

परवा अश्विनी दोन मोठे फोटो चौकटीत घालून घेऊन आली. एक तिनं लग्नाच्या सकाळी घरात काढलेला. मान वर, हात सैल, केप जिथल्या तिथं. दुसरा फोटोवाल्याचा. कोट, लोंबणारी जाळी, तांदूळ, नारळ, आणि माझं उघडं तोंड.

"आत्ती, दुकानात आरशाच्या दोन्ही बाजूंनी लावू काय? बायास्नी साडी कशी घालायची त्ये दाखवाय बरं पडतंय. नगं म्हटलासा तर न्हाय लावत."

मला 'नको' म्हणायचं होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण त्या दुसऱ्या फोटोतलं तोंड बघितलं आणि मलाच हसू आलं.

आता डावीकडच्या फोटोखाली 'अशी घाला' लिहिलंय आणि उजवीकडच्याखाली 'अशी घालू नका'. मी मधूनमधून गाळ्यात जाऊन बसते. गिऱ्हाईक आलं की डावीकडच्या फोटोसमोर थांबतं आणि विचारतं, "ही मॉडेल कुठली हो?"

उजवीकडच्या फोटोला मात्र कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि म्हणतात, "कवा आलासा मामी?"